सारथी कोण? : मोटारीतील संगणक आणि माणसाचे उत्तरदायित्व



व्याख्यानाच्या विषयात संगणक आणि सॉफ्टवेअर हे शब्द आले की हा अभियंत्यांचा प्रांत आहे, सामान्य माणसाने त्यात पडू नये, अशी आपली समजूत असते. वस्तुतः हा विषय आज मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी केवळ महागड्या परदेशी मोटारींत असणारी चालक-सहाय्य प्रणाली, म्हणजेच जाहिरातींतला ‘अ‍ॅडास’, २०२०-२१ पासून भारतातील मध्यम किमतीच्या मोटारींतही येऊ लागली. नवी गाडी घेताना घरातील तरुण मुलगा ती हवीच म्हणतो, आणि वडील विचारतात, ‘एवढे पैसे मोजून ती गाडी स्वतः चालणार आहे का?’ प्रश्न साधा आहे. परंतु जगातील मोठमोठ्या तपासयंत्रणा, न्यायालये आणि संसदा गेली दहा वर्षे याच प्रश्नाशी झगडत आहेत.

या प्रश्नाला जोडून दुसराही एक प्रश्न येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. गाडी चुकली तर उत्तर कोणी द्यायचे?

सहाय्य म्हणजे नेमके काय?

मोटारीच्या पुढील काचेमागे एक कॅमेरा असतो, पुढच्या भागात रडार असते. या दोन डोळ्यांनी जे दिसते त्याचा अर्थ संगणक लावतो. पुढची गाडी अचानक थांबली आणि चालकाचे लक्ष नसले, तर तो आधी इशारा देतो आणि मग स्वतः ब्रेक लावतो. गाडी मार्गिका सोडून बाजूला जाऊ लागली तर सुकाणूला हलका हिसका देऊन ती परत आणतो. पुढच्या वाहनाशी ठरावीक अंतर राखून वेग कमी-जास्त करतो.

अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये या सर्व प्रकारांची शून्य ते पाच अशी प्रतवारी केली. शून्यावर सर्व काही माणूस करतो. पाचव्या पायरीवर माणसाची गरजच उरत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दुसरी पायरी. येथे सुकाणू आणि वेग ही दोन्ही कामे यंत्र करते. परंतु रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम आणि संपूर्ण जबाबदारी माणसाकडेच राहते. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींतील प्रणाली या दुसऱ्या पायरीच्या पलीकडे गेलेली नाही. अर्थात वडिलांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. गाडी स्वतः चालत नाही. काही काळ चालल्यासारखी वाटते, इतकेच. आणि सारा अनर्थ या ‘वाटण्या’तच दडलेला आहे.

समर्थकांचे म्हणणे

प्रथम दुसरी बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे; कारण ती पोकळ नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एखादे मध्यम आकाराचे शहर एका वर्षात पुसून जावे, असा हा आकडा आहे. माणूस थकतो, पेंगतो, रागावतो, मद्यपान करतो, भ्रमणध्वनी पाहतो. यंत्र यांपैकी काहीही करीत नाही. मग जे यंत्र एकही प्राण वाचवू शकते ते नाकारण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे, असे समर्थक विचारतात.

त्यांच्या हाती पुरावाही आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने केलेल्या अभ्यासांत, इशारा देऊन आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारींचे पुढच्या वाहनावर आदळण्याचे अपघात सुमारे निम्म्याने कमी आढळले. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत असा ब्रेक, मार्गिका राखणारी यंत्रणा आणि चालकाच्या पेंगण्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची केली. हा निर्णय भावनेपोटी झालेला नाही.

तथापि समर्थकांच्या एका लाडक्या आकड्याबाबत सावध राहिले पाहिजे. ‘चौऱ्याण्णव टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात’ हे वाक्य जगभर फिरते. ते अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या २०१५ मधील एका टिपणातून आले. परंतु त्या टिपणाचे म्हणणे एवढेच होते की घटनांच्या साखळीतील शेवटचा दुवा चालकाकडे जातो. हा दोषारोप समजू नये, असे त्यातच नमूद होते. वळणाची आखणी चुकली, दिवा लागला नव्हता, रस्ता खचला होता. या मागच्या कड्या शेवटच्या दुव्यामागे झाकल्या जातात. शिवाय माणूस काढून टाकला की माणसाच्या चुका संपतात, हाही भ्रम आहे. त्या चुका सुकाणूवरून उठून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या मेजावर जाऊन बसतात.

अपघातांनी काय शिकविले?

७ मे २०१६ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात विलिस्टन गावाजवळ टेस्ला कंपनीची एक मोटार, रस्ता ओलांडीत असलेल्या मालवाहू ट्रेलरखाली घुसली आणि चालकाचा अंत झाला. ‘ऑटोपायलट’ नावाची प्रणाली चालू होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले की एक्केचाळीस मिनिटांच्या प्रवासात सदतीस मिनिटे ही प्रणाली चालू होती आणि त्या अवधीत चालकाचे हात सुकाणूवर असल्याची नोंद अवघी पंचवीस सेकंदांची होती. मंडळाने ट्रेलरचालकाला, ज्याने वाट द्यायला हवी होती, दोषी धरले. मोटारचालकाच्या बेसावधपणाला दोषी धरले. आणि त्याचबरोबर, ज्या रस्त्यासाठी प्रणाली बनविलीच नव्हती तेथे ती वापरू देणाऱ्या आणि इतका वेळ बेसावध राहू देणाऱ्या रचनेवरही बोट ठेवले. पुढे १ मार्च २०१९ रोजी त्याच राज्यात डेलरे बीच येथे जवळजवळ तसाच अपघात पुन्हा घडला.

दुसरी घटना १८ मार्च २०१८ ची, अॅरिझोना राज्यातील टेम्पी या शहरातील. तेथे ‘उबर’ कंपनी स्वयंचलित मोटारीची चाचणी घेत होती. रात्रीच्या वेळी सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक महिला त्या मोटारीखाली आली. यंत्राला ती दिसली नव्हती असे नाही. धडकेच्या ५.६ सेकंद आधी त्याने तिची नोंद घेतली होती. परंतु ती अनोळखी वस्तू आहे, वाहन आहे की सायकल आहे, यावर त्याचे मत सतत बदलत राहिले आणि प्रत्येक वेळी तिच्या मार्गाचा अंदाज नव्याने मांडला गेला. रस्ता ओलांडण्यासाठी आखून दिलेली जागा सोडून माणूस कोठेही रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्या प्रणालीच्या रचनेत धरलेली नव्हती, असे तपासात निष्पन्न झाले. मोटार बनविणाऱ्या कंपनीचा मूळचा आणीबाणीचा ब्रेक चाचणीकाळात बंद ठेवलेला होता. देखरेखीसाठी बसविलेल्या महिलेचे डोळे भ्रमणध्वनीवर होते. खटला चालला तो तिच्यावर. २०२३ मध्ये तिने गुन्हा मान्य केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली.

रचनाकारांनी एक शक्यता गृहीत धरली नाही, व्यवस्थापनाने एक ब्रेक बंद ठेवला, आणि अखेरीस फौजदारी कायद्यापुढे एकटी उभी राहिली ती आसनावर बसलेली व्यक्ती. तिचा दोष नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो दोष एकटा होता काय?

माणसाला अशक्य असलेले काम

‘चालकाने लक्ष ठेवायला हवे होते’ हे वाक्य प्रत्येक अपघातानंतर ऐकू येते. ते खरे आहे. पण अपुरे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलापुढे एक अडचण उभी राहिली. शत्रूच्या पाणबुड्या शोधण्यासाठी रडारच्या पडद्यासमोर बसलेले उत्तम प्रशिक्षित सैनिक काही वेळाने समोरची खूणही चुकवीत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग करून १९४८ मध्ये दाखवून दिले की जेथे फारसे काही घडत नाही तेथे सतत पाहत राहण्याची माणसाची क्षमता पहिल्या अर्ध्या तासातच लक्षणीय घटते. यात आळस नाही, बेशिस्त नाही. ही मनुष्याच्या चित्ताची घडणच आहे. भिंतीवरची पाल तासभर न हलता भक्ष्याची वाट पाहू शकते. माणूस पाहू शकत नाही.

१९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या ब्रिटिश संशोधिकेने स्वयंचलनाच्या विसंगतींवर एक निबंध लिहिला. त्यातील विचाराचे सार असे : सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे दोनच उरतात, यंत्रावर पहारा देणे आणि यंत्र हरले की क्षणार्धात सूत्रे हाती घेणे. पहिले काम त्याला जमत नाही. दुसऱ्याचा सराव तुटलेला असतो. यंत्र जितके विश्वासार्ह, तितका माणूस अधिक गाफील. क्वचित चुकणारे यंत्र म्हणूनच एका अर्थी नेहमी चुकणाऱ्या यंत्राहून धोक्याचे ठरते. कारण नेहमी चुकणाऱ्यावर कोणी विसंबत नाही.

विमानोड्डाणाने याची किंमत मोजली आहे. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेगमापक नळ्या बर्फाच्या कणांनी बंद झाल्या, स्वयंचालन तुटले, आणि सूत्रे अचानक वैमानिकांच्या हाती आली. त्यानंतर साडेचार मिनिटांच्या आत ते विमान अटलांटिक महासागरात कोसळले. २२८ जणांचा अंत झाला. ते प्रशिक्षित वैमानिक होते, आणि त्यांच्यापाशी मिनिटे होती. महामार्गावरील गृहस्थापाशी एक-दोन सेकंद असतात.

आपल्या परंपरेतील रथाचे चित्र येथे आठवण्यासारखे आहे. रथात रथी असे आणि सारथी असे. कुरुक्षेत्रावर लगाम श्रीकृष्णाच्या हाती होते आणि गांडीव अर्जुनाच्या. कोणी काय करायचे याविषयी संदेह नव्हता. एकाने लगाम धरायचे आणि दुसऱ्याने काही न करता, पण कोणत्याही क्षणी ते लगाम हिसकावून घेण्याच्या तयारीत तासन् तास बसायचे, अशी विभागणी कोणत्याही शहाण्या योद्ध्याने मान्य केली नसती. दुसऱ्या पायरीची मोटार नेमकी हीच विभागणी मागते.

म्हणून या वादाचा निवाडा ‘यंत्र हवे की नको’ असा करणे भोळेपणाचे आहे. खरी रेषा वेगळी आहे. जे यंत्र माणसावर लक्ष ठेवते, त्याला सावध करते, तो चुकला तर ब्रेक लावते, ते उपकारक आहे. जे यंत्र स्वतः गाडी हाकते आणि माणसाला आपल्यावर पहारा द्यायला बसविते, ते माणसाला न झेपणारे काम सांगते. आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा लाभ अभ्यासांत स्पष्ट दिसला. परंतु सुकाणू आणि वेग दोन्ही सांभाळणाऱ्या प्रणालींमुळे अपघात टळतात, याला पुरावा मिळत नाही, असे त्याच विमा संस्थेने २०२४ मध्ये सांगितले. चालकाचे लक्ष टिकविण्याची व्यवस्था किती चोख आहे या कसोटीवर तिने त्या वर्षी चौदा प्रणाली तपासल्या. त्यांपैकी एकच ‘स्वीकारार्ह’ ठरली, दोन कशाबशा निभावल्या, अकरा नापास झाल्या.

नाव आणि न्याय

नावात काय आहे, असे म्हणण्याची पद्धत आहे. या प्रकरणात नावातच बरेच काही आहे. ज्या यंत्रणेवर क्षणभरही विसंबू नये असे माहितीपुस्तिकेत लिहायचे, तिलाच जाहिरातीत ‘ऑटोपायलट’ किंवा ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’, म्हणजे पूर्ण स्वयंचालन, म्हणायचे, यातील विसंगती कायद्याच्याही लक्षात आली. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा प्रणालीला भ्रम निर्माण करणारे नाव देण्यास मनाई केली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये टेस्लाला चालकाचे लक्ष टिकविण्याच्या उणिवेपायी वीस लाखांहून अधिक मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करावी लागली. २०२४ मध्ये कंपनीने ‘पूर्ण स्वयंचालना’च्या नावापुढे ‘देखरेखीखाली’ हा शब्द जोडला. पूर्ण आणि तरीही देखरेखीखाली!

ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीतील ज्यूरीने एक महत्त्वाचा निकाल दिला. २०१९ मध्ये चालकाने खाली पडलेला भ्रमणध्वनी उचलण्यासाठी नजर वळविली, आणि ऑटोपायलट चालू असलेली ती मोटार रस्ता संपतो तेथे न थांबता उभ्या गाडीवर जाऊन आदळली. त्यात एका तरुणीचा बळी गेला. ज्यूरीने चालकाचा दोष ६७ टक्के आणि कंपनीचा ३३ टक्के ठरविला आणि कंपनीला सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. कंपनीने अपिलाची घोषणा केली. टक्केवारी पुढे काहीही होवो, ‘सारा दोष चालकाचा’ ही भूमिका त्या ज्यूरीने अमान्य केली, हे महत्त्वाचे.

ब्रिटनच्या संसदेने २०२४ मध्ये संमत केलेला स्वयंचलित वाहन कायदा याच तत्त्वावर उभा आहे. यंत्र खरोखरच गाडी चालवीत असेल, तर त्या काळातील चालविण्याच्या गुन्ह्यांसाठी आसनावरील माणसाला जबाबदार धरायचे नाही. जबाबदारी अधिकृत कंपनीची. आणि जे यंत्र खरोखर स्वतः चालवीत नाही त्याला तसे भासविणे हा गुन्हा. ज्याच्या हाती लगाम त्याच्याकडे उत्तरदायित्व, हा साधा न्याय आहे. नफा एकाचा आणि तुरुंग दुसऱ्याचा, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नाही.

आपल्या रस्त्यांवर

आता आपल्याकडे वळू. पाश्चात्त्य प्रणाली ज्या रस्त्यावर शिकली त्या रस्त्यावर पट्टे स्पष्ट असतात, वाहने एका दिशेने जातात आणि पादचारी ठरलेल्या जागी ओलांडतात. आपल्याकडे २०२२ मधील रस्ते अपघातांतील मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते आणि १९.५ टक्के पादचारी होते. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली रात्रीच्या अंधारात महामार्गावर उभी असते. पहाटेच्या काळोखात वारकऱ्यांच्या दिंड्या चालत असतात. उलट दिशेने दुचाकी येते. पादचारी ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा एकंदरीत असे अपघात सुमारे २७ टक्क्यांनी कमी करते; परंतु दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री तिचा फरक जाणवत नाही, असे अमेरिकेतच २०२२ मध्ये आढळले. आपल्या किती रस्त्यांवर दिवे आहेत, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मग हे तंत्रज्ञान आपल्यासाठी नाहीच काय? तसे मुळीच नाही. नागपुरात २०२१ मध्ये ‘आयरास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची ट्रिपल आयटी आणि काही कंपन्या त्यात एकत्र आल्या. शहर बसगाड्यांवर कॅमेरे बसविले गेले. ते गाडी चालवीत नाहीत. टक्कर होण्याचा संभव दिसला की चालकाला ध्वनीने सावध करतात. आणि असे इशारे ज्या ठिकाणी पुन्हा पुन्हा मिळतात तेथील रस्त्याचा दोष, अपघात होण्याआधीच, नकाशावर दिसू लागतो. चालकही राहिला, त्याचे कौशल्यही राहिले, आणि यंत्राने शहाणपण रस्त्यालाही दिले. उपकारक सहाय्याचा हा नमुना आपल्याच मातीत उभा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये बसगाड्या आणि मालट्रकांसाठी आपोआप लागणारा ब्रेक, पेंगण्याचा इशारा आणि मार्गिका सुटल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. ही दिशा योग्य आहे.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच, चालकांचा रोजगार हिरावणाऱ्या चालकविरहित मोटारी देशात येऊ देणार नाही, अशी भूमिका मांडली. त्यावर मतभेद असू शकतात. परंतु लाखो घरांची चूल ज्या कौशल्यावर पेटते त्याचा विचार प्रगतीच्या हिशेबात धरला पाहिजे, यावर मतभेद असण्याचे कारण नाही.

कुटुंबाने आणि कार्यकर्त्याने काय करावे?

कायदे होतील तेव्हा होतील. तोपर्यंत प्रत्येक घराला काही गोष्टी करता येतात. गाडी घेताना आपोआप लागणारा ब्रेक, सहा एअरबॅग, ‘भारत एनकॅप’ची सुरक्षा-तारांकने यांना अग्रक्रम द्यावा, सुकाणू आपोआप फिरण्याच्या चमत्काराला नव्हे. माहितीपुस्तिकेतील ‘मर्यादा’ हे प्रकरण, जे कोणी वाचत नाही, ते गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. काचेवरील कॅमेऱ्यासमोर चिखल, धुके, प्रखर ऊन आले की यंत्र आंधळे होते, हे ध्यानात ठेवावे. घरातील नवशिक्या मुलाला आधी या यंत्रणेविना गाडी चालविता यावी. कारण जे कधी शिकलेच नाही ते संकटाच्या क्षणी आठवणार कोठून?

आणखी एक गोष्ट, विशेषतः प्रवासी कार्यकर्त्यांसाठी. दिवसभराच्या बैठका आटोपून रात्री दहाला निघायचे, तीनशे किलोमीटर कापून पहाटे घरी पोचायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागायचे, हे आपल्याकडे निष्ठेचे लक्षण मानले जाते. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ, एकसुरी रस्त्यावर उघड्या डोळ्यांनीही गुंगी येते. ‘गाडीत अ‍ॅडास आहे’ हे झोपेवरचे उत्तर नाही. पेंगुळलेल्या चालकाला यंत्राच्या भरवशावर पुढे ढकलणे हे धाडस नव्हे, घरी वाट पाहणाऱ्यांवरचा अन्याय आहे. मुक्काम करावा, चालक बदलावा, बैठक अर्धा तास आधी संपवावी. पगारी चालक असेल तर त्याच्या झोपेचे तास मोजण्याचे कर्तव्य मागच्या आसनावर बसणाऱ्याचे आहे.

यंत्राला भीती नाही, पश्चात्ताप नाही, आणि घरी वाट पाहणारे कोणी नाही. म्हणून ते सहाय्यक होऊ शकते, साक्षीदार होऊ शकते. उत्तरदायी होऊ शकत नाही. उत्तर नेहमी माणसालाच द्यावे लागते : सुकाणूवरच्या, नाही तर ते सुकाणू यंत्राच्या हाती देणाऱ्या. या दोघांपैकी कोणालाही त्यातून पळवाट मिळणार नाही, असा कायदा मागणे हे नागरिक म्हणून आपले काम आहे. आणि तो कायदा येईपर्यंत दोन्ही हात सुकाणूवर व दोन्ही डोळे रस्त्यावर ठेवणे, हे चालक म्हणून आपले काम आहे.